धुक्यातल्या चकव्यावर उतारा: गार्मिन ईट्रेक्स ३२एक्स

हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरकडून जाणाऱ्यांना ठाऊक असते की, तोलार खिंडीनंतरचा कातळटप्पा चढून आले की खरी परीक्षा सुरू होते. पुढे एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या आहेत, आणि पावसाळ्यात धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. तिथे चकवा लागून उघड्यावर रात्र काढलेल्यांच्या हकिगती ऐकूनच मी गार्मिनचे ईट्रेक्स ३२एक्स हे उपग्रहांच्या आधारे आपली जागा आणि वाट दाखवणारे, हातात मावणारे यंत्र घेतले. दोन पावसाळे ते वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

मोबाइल असताना हे कशाला, असे बरेच जण विचारतात. मोबाइललाही उपग्रहांचे संदेश रेंज नसताना मिळतात, हे आधी मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो भर पावसात. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही. या यंत्राला मात्र बटणे आणि अंगठ्याने फिरवायची एक बारीकशी दांडी आहे, जी भिजलेल्या हातानेही नीट चालते. मागची कडी फिरवली की झाकण निघते आणि आत साधे दोन पेन्सिल सेल बसतात. एका जोडीवर ते २५ तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. सेल संपले तरी घोटीच्या किंवा राजूरच्या किराणा दुकानात नवे मिळतात, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

यंत्र वापरताना त्याच्या आतला हिशेब समजून घेतला, तर त्याच्यावर कधी विसंबायचे हेही कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची जागा आणि नेमकी वेळ सांगत फिरत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही, आणि त्या विलंबावरून यंत्र अंतर काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहात अतिशय अचूक असे अणुघड्याळ असते, पण आपल्या हातातले घड्याळ साधेच असते. म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह पुरत नाहीत, घड्याळाची चूक शोधण्यासाठी चौथा लागतो. हे यंत्र जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही घेत असल्यामुळे, दरीच्या भिंतींनी अर्धे आकाश झाकले तरी पुरेसे उपग्रह मिळण्याची शक्यता वाढते.

तरीही हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतो, हिशेबात तेवढे अंतर वाढते आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी होते. कोणत्याही बनावटीच्या यंत्राला ही अडचण येते. उपग्रहाचे संदेश दोन वेगळ्या रेडिओ वारंवारितांवर घेणारी नवी यंत्रे तिथे अधिक बरी ठरतात. ती सोय यात नाही, आणि भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या उपग्रह प्रणालीचे संदेशही हे घेत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

उंचीच्या बाबतीत मात्र ते समाधान देते. सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असल्यामुळे त्यांच्यावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा कच्ची असते. म्हणून यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारा वेगळा भाग बसवला आहे. पण हवा बदलली की दाब बदलतो, आणि एका मिलिबारला सुमारे आठ ते दहा मीटरचा फरक पडतो. कळसूबाईच्या माथ्यावर मी १६४६ हा आकडा हाताने भरून घेतो. ज्ञात उंचीच्या प्रत्येक ठिकाणी असे करावे.

२.२ इंचांचा पडदा नकाशा वाचायला लहान पडतो आणि मजकूर भरायला वेळ लागतो. म्हणून ओपन स्ट्रीट मॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावरून बनवलेला नकाशा मी घरीच भरून ठेवतो. डोंगरात फक्त आलेल्या वाटेने परत नेणारी सोय वापरतो. तोलार खिंडीनंतरच्या त्या टेकड्यांत भर धुक्यात तिनेच आम्हाला कातळटप्प्याच्या तोंडाशी आणून सोडले होते.

हिवाळ्यात रुळलेल्या वाटेने जाणाऱ्याने हा खर्च करू नये. पावसाळ्यात आडवाटेने गट घेऊन जाणाऱ्याने मात्र जरूर घ्यावे. निघण्यापूर्वी ते पायथ्याच्या गावातल्या मोकळ्या अंगणात सुरू करून काही मिनिटे स्थिर ठेवावे, कारण प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती उतरून घ्यायलाच सुमारे अर्धे मिनिट लागते, आणि झाडीखाली तो संदेश मध्येच तुटतो.