क्रीक बोट की हाफ-स्लाइस?

क्रीक बोट आणि हाफ-स्लाइस हे खळाळत्या पाण्यात वल्हवायच्या कयाकचे, म्हणजे अरुंद छोट्या बोटीचे, दोन प्रकार. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातील चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या खडकाळ, तीव्र उताराच्या नद्यांत पावसाळ्यात उतरू पाहणाऱ्याने रंगापेक्षा आधी बोटीचे आकारमान पाहावे. क्रीक बोटीची दोन्ही टोके फुगीर आणि वर वळलेली असतात. त्यामुळे उडीनंतर नाक फेसात बुडाले तरी ती लवकर वर येते आणि पुढचा मार्ग हेरण्यास क्षणभर उसंत मिळते. हाफ-स्लाइसचे शेपूट चपटे असते. ते पाण्यात रुतवून बोट झटकन वळवता येते, हे खरे. परंतु उसळत्या प्रवाहाने तेच शेपूट खाली ओढले, तर बोट मागच्या मागे उलटते, आणि उथळ खडकांवर ही गंमत महागात पडते.

टिकाऊपणात फारसा फरक नाही, कारण दोन्ही बहुधा पॉलिएथिलीनच्याच असतात. जुनी बोट घेताना मात्र बैठकीखालचा तळ दाबून पाहावा. तिथेच प्लास्टिक घासून पातळ होते. बचावदोर आणि प्रथमोपचाराची पिशवी क्रीक बोटीत सहज मावते, तर हाफ-स्लाइसमध्ये कोंबावी लागते.

उंच उड्यांच्या नद्यांसाठी, विशेषतः नवशिक्यांनी, क्रीक बोटच घ्यावी. कुंडलिकेसारख्या मध्यम प्रवाहात खेळत कौशल्य वाढवायचे असल्यास हाफ-स्लाइस योग्य.