भोंगा की घरभेट?
बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत कोरोनाचा पहिला रुग्ण मे २०२० मध्ये सापडला. तेव्हा तिथे मोबाइल इंटरनेटवर निर्बंध होते आणि बहुतेक म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. खबरदारी सांगायची ती भोंग्यावरून, नाहीतर घरोघरी जाऊन.

भोंगा वेगवान. मशिदीच्या माइकवरून अख्ख्या वस्तीला एका दमात कळतं, शिवाय इमामांच्या शब्दाला वजन असतं. पण ज्याला कमी ऐकू येतं त्याचं काय? शंका विचारायची कुणाला?

घरभेटीला वेळ आणि माणसं जास्त लागतात, तरी माझं मत तिच्याच बाजूने. स्वयंसेवक त्यांच्याच बोलीत बोलतात. साबण संपलाय का, पाणी कोण भरून आणतं, हे त्यांना समोर दिसतं. ताप आल्याचं सांगितलं तर आपल्याला घरच्यांपासून तोडतील, ही आजीची भीती भोंग्याला कळत नाही. अंतर ठेवा म्हणणं सोपं. एकाच खोपटात तीन पिढ्या झोपतात, तिथे आजोबांचं अंथरूण कुठे घालायचं हे घरात बसूनच ठरवावं लागतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं ते ५५ वर्षांवरच्यांपासून. तारीख भोंग्याने सांगता येते. ज्यांना टेकडी उतरवत नाही, त्यांना केंद्रापर्यंत हात धरून न्यायला माणूसच लागतो.