स्कॅलपचा काठ: दादरच्या एका फॉल-पिकोच्या दुकानाचा अनुभव

दादर पश्चिमेला फॉल-पिकोची जी असंख्य छोटी दुकाने आहेत, त्यांपैकी एकात गेल्या महिन्यात मी ऑर्गंझाची साडी स्कॅलपचा काठ करण्यासाठी दिली. आठ दिवसांनी हाती आली तेव्हा काठावर नुसत्या उथळ लाटा होत्या. "ताई, स्कॅलप म्हणजे गोलाईच ना?" असे मास्तरांनी विचारले, आणि खरा वाद तिथेच होता.

स्कॅलप हा मुळात एक शिंपला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये कवचाला 'एस्कालोप' म्हणत. त्यावरून 14व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि पुढे शिवणकामात शिरला. आपल्या तिसऱ्यांची कड सरळ असते, पण स्कॅलपच्या पंख्यासारख्या शिंपल्यावरच्या ठळक पन्हळी थेट कडेपर्यंत येतात. शेल कंपनीच्या पेट्रोल पंपावर दिसतो तो हाच शिंपला. त्यामुळे काठावर अर्धगोल हवेत आणि दोन अर्धगोलांमध्ये टोकदार खाच हवी. खाच नसेल तर ती लाट. (न्यू साउथ वेल्समध्ये मात्र पिठात बुडवून तळलेल्या बटाट्याच्या चकतीला स्कॅलप म्हणतात, म्हणजे आपली बटाटा भजीच.)

मास्तरांनी फोनवरचे चित्र पाहिले, बांगडी ठेवून पुठ्ठ्याचा साचा कापला आणि जादा पैसे न घेता काम पुन्हा करून दिले. साडीची रुंदी जवळजवळ दीड सेंटीमीटरने घटली, हे मला खटकले. मशीनची भरीव शिलाई मात्र दाट असून, तिच्या बाहेरचे कापड इतक्या नेमकेपणाने कापले आहे की ऑर्गंझासारख्या कापडावरही एक दोरा सुटलेला दिसत नाही. पाच सेंटीमीटरचा एक याप्रमाणे साडेपाच मीटरच्या काठावर 110 अर्धगोल बसायला हवेत. इथे मोजणी एका टोकापासून केल्यामुळे पदराच्या कोपऱ्यावर अर्धाच उरला आहे. साडी देतानाच कोपरे आधी आखून घ्यायला सांगावे.

'पिको' हा शब्दही फ्रेंचच, पण तो कुणाला परका वाटत नाही. स्कॅलपचेही तसेच होऊ लागले असावे, कारण पावतीवर मास्तरांनी 'इस्टेशन'च्या चालीवर 'इस्कालप काठ' असे लिहिले आहे, आणि ते माझ्या उच्चारापेक्षा मूळ फ्रेंच शब्दाला अधिक जवळचे आहे.