आठवीच्या वर्गात व्हॉट्सॲप : पाचपैकी साडेतीन तारे, तेही सावलीमुळे

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. ‘वर्गात सोशल मीडिया’ या विषयावरच्या प्रशिक्षणात जी चित्रं दाखवतात, त्यात प्रत्येक मुलापुढे टॅब असतो. आमच्याकडे टॅब म्हणजे आईचा फोन. तो मिळणार संध्याकाळी सातनंतर, आई भाकऱ्या थापत असेल तेवढा वेळ, आणि त्यातही मोठ्या भावाचा नंबर आधी. तेव्हा हा अभिप्राय व्हॉट्सॲपचा असला तरी तो आईच्या फोनवरच्या व्हॉट्सॲपचा आहे हे आधीच सांगते.

खास शाळेसाठी बनवलेली माध्यमं का नाही, असं तरुण शिक्षक विचारतात. एडमोडो होतं की. २००८ साली निघालं, दिसायला थेट फेसबुकसारखं, जगभर शिक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं. मुलांनी छोटे व्हिडिओ करून उत्तरं द्यायची ते फ्लिप, पूर्वीचं फ्लिपग्रिड, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतलं आणि २०२४ मध्ये त्याचं स्वतंत्र ॲप गुंडाळलं. दीक्षा ॲप आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की व्हिडिओ लागतो, चांगलं आहे. पण ते ऐकायचं आणि बघायचं. त्यात मुलाने काही सांगायची सोय नाही. व्हॉट्सॲप मात्र वाडीतल्या शेवटच्या घरातसुद्धा आहे आणि आजीलाही येतं. ते निवडण्यामागे माझं एवढंच कारण.

आता मुद्द्यावर. रोजच्या अभ्यासासाठी व्हॉट्सॲप गट म्हणजे फळ्याची स्वस्त नक्कल. गृहपाठ टाकला, अंगठे आले, संपलं. पीडीएफ कोणी उघडत नाही. मतचाचणीची सोय मला सुरुवातीला आवडली होती, पण कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. वर्गातली हुशार मुलगी कुठे बोट ठेवते याची वाट बघत बाकीचे बसतात, मग धडाधड तेच उत्तर. चाचणी म्हणून शून्य उपयोग.

पण एक गोष्ट व्हॉट्सॲपने अशी करून दिली, जी मला फळा, पुस्तक आणि पृथ्वीगोल तिन्ही मिळून कधी जमली नव्हती.

आठवीच्या भूगोलातला पहिलाच धडा ‘स्थानिक वेळ व प्रमाणवेळ’. काठी रोवा, सावली मोजा, सर्वांत आखूड सावली म्हणजे तुमच्या गावची मध्यान्ह. धडा येतो जूनमध्ये. जूनमध्ये कोकणात सूर्य कुठे असतो हे पुस्तक लिहिणाऱ्यांना विचारावंसं वाटतं. आम्ही तो प्रयोग डिसेंबरवर ढकलला, आणि जोडीला घेतली गोंदिया जिल्ह्यातली एक शाळा. तिथल्या सरांची ओळख शिक्षकांच्या गटावर झालेली. राज्याचं एक टोक आम्ही, दुसरं ते. आमचं रेखावृत्त सव्वात्र्याहत्तर अंशांच्या आसपास, त्यांचं ऐंशीच्या थोडं पुढे. फरक सात अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. हे गणित मुलं तोंडपाठ करतात आणि विश्वास शून्य ठेवतात. “बाई, एकाच महाराष्ट्रात दुपार वेगवेगळी कशी होईल?”

दोन्हीकडे एक मीटरची काठी, ओळंबा लावून उभी. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. प्रत्येक फोटोत काठीशेजारी पाटी, पाटीवर घड्याळातली वेळ आणि सावलीची लांबी मोठ्या अक्षरात. ही पाटी फार महत्त्वाची. व्हॉट्सॲप दाखवतं ती मेसेजची वेळ, फोटो काढल्याची नव्हे; आणि फोटो साध्या दर्जात पाठवला तर मोजपट्टीवरचे आकडे पुसट होतात. एचडीचं बटण दाबायचं भान मुलांना राहत नाही. पाटीवरचा खडू मात्र कुठल्याही फोटोत वाचता येतो.

बाराला पाच कमी असताना गोंदियाहून आलेल्या फोटोत सावली जवळजवळ थांबली होती. आमची अजून भराभर आखडत होती. मैदानात जो गोंधळ झाला तो काय सांगू! मग अडचण आली: मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू हलते की सर्वांत आखूड नेमकी कोणती ते कळेना. गोंदियाच्या सरांनी व्हॉइस नोटवर तोड सांगितली. मध्यान्हीच्या आधी आणि नंतर सावली एकाच लांबीची असेल अशा दोन वेळा घ्या आणि त्यांचा मध्य काढा. आमचा आला बारा वाजून तेहतीस, त्यांचा बारा वाजून चार. फरक एकोणतीस मिनिटांचा. पुस्तकातलं गणित आणि अंगणातली खडूची खूण यांत एका मिनिटाचं अंतर राहिलं. ८२°३०′ पूर्व रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं आणि आपली घड्याळं त्याप्रमाणे चालतात, हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलं नाही. एका पोराने लगेच हिशेब मांडला, “म्हणजे बाई, आपल्याकडे खिचडीची घंटा सूर्यापेक्षा अर्धा तास आधी वाजते.”

दुसरा फायदा ठरवलेला नव्हता. गोंदियाची सर्वांत आखूड सावली जवळजवळ एक मीटर भरली, आमची पंचाऐंशी सेंटीमीटर. काठी तीच, सावली वेगळी. वहीत प्रमाणात त्रिकोण काढून काठीच्या वरच्या टोकाशी कोनमापक लावला तर त्यांचा कोन पंचेचाळीस, आमचा चाळीसच्या किंचित वर. साडेचार अंशांचा फरक, अंशाला एकशे अकरा किलोमीटर, म्हणजे पाचशे किलोमीटर. “पण बाई, नकाशात गोंदिया त्याहून लांब दिसतं.” दिसणारच. हे अंतर फक्त उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम त्यात धरलेलंच नाही. अक्षांश म्हणजे काय ते त्या दिवशी या वर्गाला कळलं, आणि तो धडा मी घेतलासुद्धा नव्हता.

पुढचे काही आठवडे मग दोन्ही वर्ग रोज सकाळचं तापमान एकमेकांना कळवत होते. त्यांचा पारा दहाच्या आसपास, फोटोत सगळी स्वेटर-टोपरं घातलेली. आमचा वर्ग अर्ध्या बाह्यांत. समुद्रसान्निध्य हा शब्द मी फळ्यावर लिहिला तो त्यानंतर. गोंदियाच्या मुलांनी समुद्राचा आवाज मागवला होता. आमच्या खाडीकाठच्या दोघांनी ओहोटीचा पाठवला. “भरतीचा पाठवा, हा तर आमच्या तलावासारखाच आहे,” असं उत्तर आलं.

आता उणे बाजू, आणि ती लहान नाही.

व्हॉट्सॲप वापरायला किमान वय तेरा. आठवीतली बहुतेक मुलं त्यात बसतात, सहावी-सातवीतली बरीचशी नाहीत. म्हणून मुलांच्या नावाने खातं मी कुठेच उघडू दिलं नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर अठरा वर्षांखालच्या सगळ्यांनाच बालक धरतो. पालकांची संमती मी कागदावर घेते, सहीनिशी.

दुसरं, गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आमच्या वाडीतल्या आयांचे नंबर परजिल्ह्यातल्या अनोळखी घरांत कशाला जायला हवेत? म्हणून दोन शाळांमधली देवाणघेवाण फक्त दोन शिक्षकांच्या फोनवरून. मुलं मला देतात, मी पुढे धाडते. काम वाढतं, पण झोप लागते. पालकांच्या गटात ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील’ हे बटण दाबून ठेवते. ते नव्हतं तेव्हा एका वडिलांनी रात्री साडेअकराला मुलीच्या गुणांवरून सगळ्यांसमोर तिला झापलं होतं. सुप्रभातवाले गुलाब तर वेगळेच.

आणि ज्यांच्या घरी फोनच नाही किंवा रिचार्ज संपलेला आहे, त्यांचं काय? मोजणी, खुणा, पाटी हे सगळं मैदानात, शाळेच्या वेळात झालं. घरी फोन असलाच पाहिजे अशी अट एकाही टप्प्यात ठेवली नाही. घरून पाठवायचा उपक्रम केला असता तर वर्गातली पाच-सहा मुलं आपोआप बाहेर पडली असती, आणि ती कोणती हे मला आधीच माहीत आहे.

तर साडेतीन तारे. दोन ठिकाणच्या मुलांना एकाच वेळी एकच गोष्ट मोजायला लावण्यासाठी पाच, रोजच्या गृहपाठासाठी दोन. पाचवी-सहावीला देऊ नका. २१ मार्चला आम्ही पुन्हा काठ्या रोवणार आहोत. त्या दिवशी मध्यान्हीच्या सावलीचा कोन म्हणजे थेट गावाचा अक्षांश, त्यामुळे वजाबाकीचीही गरज नाही. गोंदियाचे सर म्हणतात तिसरी शाळा नंदुरबारची घेऊ, तिथे कोणी शिक्षक असतील तर कळवा.