एमएसबी४०११ चा छडा लावताना: स्ट्रक्चर्ड लॉग व्ह्यूअर काही महिने वापरल्यानंतर

डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर बनवण्याचं व्यासपीठ) मोठं सोल्यूशन, म्हणजे अनेक प्रोजेक्टांचा गठ्ठा, सांभाळणाऱ्यांना एमएसबी४०११ हा वॉर्निंगचा क्रमांक चांगलाच ओळखीचा असतो. अमुक फाइल आधीच तमुक ठिकाणी इम्पोर्ट झालीय (म्हणजे दुसऱ्या फाइलमध्ये ओढून घेतलीय), आताचा इम्पोर्ट सोडून देतोय, एवढंच ती वॉर्निंग म्हणते. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) पास होतं, म्हणून सगळे काणाडोळा करतात. गेले काही महिने मी या वॉर्निंग निस्तरायला किरिल ओसेन्कोव यांचं एमएसबिल्ड स्ट्रक्चर्ड लॉग व्ह्यूअर (डॉटनेटचं बिल्ड करणाऱ्या एमएसबिल्डच्या कामाची नोंद उलगडून दाखवणारं साधन) वापरतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय: ही वॉर्निंग दाबून टाकू नये. फाइल दोनदा आली यात फारसं बिघडत नाही, ती नको तिथे आधी आली यात बिघडतं.

आमच्या रिपोमधलंच (कोडच्या साठ्यातलंच) बघा. कॉमन.प्रॉप्स ही सेटिंगांची फाइल प्रत्येक सीएसप्रोजमध्ये (प्रोजेक्टच्या फाइलमध्ये) आउटपुटटाइपच्या, म्हणजे प्रोजेक्टमधून काय बनणार ते सांगणाऱ्या ओळीच्या, खाली इम्पोर्ट केलेली होती. तिच्यात एक कंडिशन होती, आउटपुटटाइप ‘एक्झी’ (थेट चालणारा प्रोग्राम) असेल तरच सर्व्हर जीसी (सर्व्हरसाठीची मेमरी साफ करण्याची पद्धत) चालू. पुढे तीच फाइल डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्समध्येही घातली गेली. एसडीके (डॉटनेटचा साधनसंच) डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स प्रोजेक्टचा मजकूर वाचण्याआधीच ओढून घेतो. त्या क्षणी आउटपुटटाइप रिकामा असतो. कंडिशन खोटी ठरली आणि खालचा, योग्य जागचा इम्पोर्ट दुबार म्हणून गाळला गेला. सेटिंग गायब, एरर एकही नाही, मागे उरली ती फक्त ही पिवळी ओळ. कंडिशन डिरेक्टरी.बिल्ड.टार्गेट्समध्ये हलवली आणि सीएसप्रोजमधल्या ओळी काढल्या, मग सुरळीत झालं. टार्गेट्सची फाइल प्रोजेक्टच्या मजकुरानंतर येते, म्हणून तिथे किंमत हाताशी असते.

हे शोधायला व्ह्यूअर फार उपयोगी पडतं. बिल्डला ‘-बीएल’ हा स्विच दिला की बिनलॉग, म्हणजे बिल्डची सविस्तर नोंद असलेली फाइल, तयार होतो. तो उघडून प्रोजेक्टच्या इव्हॅल्युएशनखाली (प्रोजेक्ट वाचण्याच्या टप्प्याखाली) गेलं की इम्पोर्टांचं अख्खं झाड समोर येतं: कोणत्या फाइलने, कितव्या ओळीवर, कोणाला बोलावलं. वॉर्निंग पहिल्या इम्पोर्टची जागा सांगते, पण त्या जागेपर्यंत बिल्ड पोचलं कसं ते सांगत नाही. ती साखळी झाडात दिसते. कंडिशन खोटी ठरल्याने गाळलेले इम्पोर्टही कारणासकट दिसतात. ‘-पीपी’ स्विचनेही सगळं एका एक्सएमएलमध्ये उलगडून मिळतं आणि एकाच प्रोजेक्टचा प्रश्न असेल तर मी अजूनही तेच वापरतो, पण हजारो ओळींच्या त्या फाइलमध्ये डोळे शिणतात.

जुना सीएसप्रोज एसडीके पद्धतीवर आणताना मायक्रोसॉफ्ट.सीशार्प.टार्गेट्सची ओळ मागे राहून येणारी वॉर्निंग सगळ्यात सोपी. एसडीके ती फाइल स्वतःच आणतो, ओळ उडवा, झालं.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. एमएसबिल्ड दुबारपणा ओळखतं ते फाइलच्या पूर्ण पाथवरून. पॅकेजेस.कॉन्फिग (पॅकेजांच्या यादीची फाइल) वापरणाऱ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये मर्जनंतर (कोडच्या शाखा जोडल्यावर) एकाच नूगेट पॅकेजच्या (डॉटनेटच्या तयार लायब्ररीच्या) दोन आवृत्त्यांच्या इम्पोर्ट ओळी राहिल्या, तर फोल्डरच्या नावात आवृत्ती असल्याने पाथ वेगळे ठरतात आणि वॉर्निंग येतच नाही. दोन्ही फायली वाचल्या जातात, एकाच नावाचं टार्गेट (बिल्डची पायरी) दोन्हींत असेल तर नंतरचं टिकतं. हा प्रकार एमएसबी४०११ पेक्षा घातक आहे. त्यासाठी मी व्ह्यूअरच्या शोधपेटीत पॅकेजचं नाव टाकून बघतो. झाडात ते दोनदा दिसलं की चोर सापडला.

तक्रारी थोड्या आहेत. शेकडो प्रोजेक्टचा बिनलॉग उघडायला वेळ लागतो आणि मेमरीही बरीच खातो. मी विंडोजवरच वापरलंय. मॅक आणि लिनक्ससाठी अॅव्हलोनियावरची (अनेक प्रणालींवर चालणाऱ्या यूआय फ्रेमवर्कवरची) आवृत्ती आहे. सोर्स खुला आहे, पैसे पडत नाहीत.

आणि बिनलॉग कोणाला पाठवण्याआधी विचार करा. त्यात प्रोजेक्टच्या फायलींचा मजकूर असतो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही येऊ शकतात. सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) टोकन, म्हणजे प्रवेशाच्या गुप्त किल्ल्या, त्या व्हेरिएबलमधूनच दिली जात असतील, तर तो बिनलॉग टीमबाहेर जाऊ देऊ नका.