यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह की जुनी ३४ पिनांची? दोन्ही काही महिने वापरल्यानंतर

ज्यांच्या माळ्यावर साडेतीन इंची फ्लॉप्यांचे डबे अजून आहेत आणि त्यातलं काही वाचवायचं आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या टेबलावर दोन ड्राइव्ह चालू आहेत. एक ऑनलाइन मागवलेली यूएसबीची, काळी, पातळ, दोन हजारांच्या आत मिळालेली. दुसरी जुन्या डेस्कटॉपमधली, ३४ पिनांच्या चपट्या करड्या केबलने थेट मदरबोर्डला जोडलेली. फ्लॉपी धडधाकट असेल तर यूएसबीची घ्या, पाच मिनिटांत काम होतं. फ्लॉपी खराब असेल किंवा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर मात्र जुनीला पर्याय नाही. असं का, ते कळायला ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारा ऑपरेटिंग सिस्टिममधला प्रोग्रॅम, नेमकं काय करतो हे थोडं समजून घ्यावं लागतं.

आमचा इंदूरला रामबागेत छापखाना आहे. नव्वदच्या दशकात खिळे जुळवायचं काम थांबलं, कॉम्प्युटर आला आणि पुढची दहाएक वर्षं सगळं फ्लॉप्यांवर साठवलं गेलं: लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. प्रत्येकीवर आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अक्षरातली चिठ्ठी. यंदा एका मंडळाला जुन्या स्मरणिकांमधले लेख हवे होते. होळकरांच्या काळातलं इंदूर पाहिलेल्या माणसांनी लिहिलेले ते लेख. लिहिणारे आता नाहीत, छापील प्रतीही मंडळाकडे अर्ध्यामुर्ध्याच. त्यामुळे हे काम मी हौसेपोटी नव्हे, जबाबदारी म्हणून घेतलं.

आधी यूएसबीबद्दल. लावल्याबरोबर विंडोज १० मध्ये ए ड्राइव्ह दिसली. सीडी नको, वेगळा ड्रायव्हर नको. याचं कारण असं की या ड्राइव्हसाठी यूएफआय नावाचा ठरलेला आज्ञासंच आहे आणि कॉम्प्युटर तिच्याशी पेन ड्राइव्हशी बोलावं तसंच बोलतो: ‘अमुक नंबरचा सेक्टर दे.’ फ्लॉपीला ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), सेक्टरमध्ये ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. पण कॉम्प्युटरला हा हिशेब करावाच लागत नाही. त्याने १००० नंबरचा सेक्टर मागितला, तर तो २७व्या ट्रॅकवर, दुसऱ्या बाजूला, अकरावा आहे हे ड्राइव्हच्या आतली चिप काढते. मोटर कधी फिरवायची, हेड, म्हणजे वाचणारं टोक, कुठे न्यायचं, वाचताना चूक झाली तर पुन्हा किती वेळा बघायचं, सगळं तीच ठरवते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात फक्त मागणं आणि घेणं उरतं.

चांगल्या फ्लॉपीला याने काही बिघडत नाही. ३०० फेरे प्रतिमिनिट म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद, दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे पूर्ण फ्लॉपीला निदान ३२ सेकंद. माझ्याकडे पाऊण मिनिटाच्या आसपास लागतात. लिनक्समध्ये हीच ड्राइव्ह हार्ड डिस्कसारखी एसडीबी नावाने दिसते आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने थेट इमेज, म्हणजे पूर्ण फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल, काढता येते. डब्यातल्या निम्म्याहून जास्त फ्लॉप्या अशाच निघाल्या. छापखान्यातलं रोजचं काम सांभाळत, बाजूला एकेक घालत राहायचं.

अडचण सुरू झाली ती उरलेल्यांना हात लावल्यावर. खराब सेक्टर आला की ड्राइव्ह आतल्या आत खरखरत राहते, बराच वेळ काही उत्तर येत नाही आणि शेवटी ‘मीडियम एरर’ एवढंच हाती येतं. सेक्टर सापडलाच नाही, की सापडला पण आतला मजकूर बिघडलाय? हेड पुन्हा शून्य ट्रॅकवर नेऊन बघितलं का? कळायला मार्ग नाही आणि सांगायलाही नाही. शिवाय आमच्याकडे त्या काळी जागा पुरावी म्हणून काही फ्लॉप्या डॉसमधल्या एका युटिलिटीने १८ ऐवजी २१ सेक्टरच्या केलेल्या होत्या, म्हणजे १,६८० केबी बसायचे. माझी यूएसबी ड्राइव्ह त्या ओळखतच नाही आणि विंडोज लगेच विचारतं, फॉरमॅट करायची का? इथे कृपा करून ‘नाही’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे कुठलीही जुनी फ्लॉपी आत घालण्याआधी कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही.

आता जुनी ड्राइव्ह. इथे मधे कोणी नाही. मदरबोर्डवरच्या कंट्रोलरशी, म्हणजे ड्राइव्ह हाताळणाऱ्या चिपशी, ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर स्वतः बोलतो. हा कंट्रोलर १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आलेल्या एनईसीच्या ७६५ चिपच्या वळणाचा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हचा प्रकार १.४४ एमबी निवडला, लिनक्समध्ये फ्लॉपीचं मॉड्यूल लोड केलं आणि ड्राइव्ह एफडी० या नावाने हजर झाली.

एक सेक्टर वाचायला ड्रायव्हरला किती खटाटोप करावा लागतो ते बघण्यासारखं आहे. आधी मोटर चालू करायची आणि वेग स्थिर होईपर्यंत साधारण अर्धा सेकंद थांबायचं. हेड हव्या त्या ट्रॅकवर न्यायचं आणि ते थरथरायचं थांबेपर्यंत काही मिलिसेकंद जाऊ द्यायचे. मग कंट्रोलरला नऊ बाइटची आज्ञा द्यायची: ट्रॅक, बाजू, सेक्टर, सेक्टरचा आकार वगैरे. डेटा डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत डेटा टाकणाऱ्या सोयीच्या) २ नंबरच्या चॅनलवरून मेमरीत उतरतो, काम झालं की ६ नंबरची इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, येते आणि कंट्रोलर सात बाइटचा निकाल देतो. हा डीएमए इतका जुना आहे की मेमरी कितीही असो, फ्लॉपीचा बफर (डेटा उतरवायची जागा) पहिल्या १६ एमबीतच आणि ६४ केबीची हद्द न ओलांडता ठेवावा लागतो. हेड शून्यावर नेण्याची आज्ञा दिली तर मूळ चिप एका दमात जास्तीत जास्त ७७ पावलं टाकते. ट्रॅक ८० असल्याने ड्रायव्हरला कधी कधी ती आज्ञा दोनदा द्यावी लागते. हे सगळं लक्षात ठेवून ज्यांनी तो कोड लिहिला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

वाचून झालं तरी मोटर लगेच बंद होत नाही, दिवा आणखी काही सेकंद जळतो. ड्रायव्हर ती मुद्दाम चालू ठेवतो, म्हणजे पुढची मागणी आली तर पुन्हा अर्धा सेकंद थांबायला नको. फ्लॉपी बदलली का, हे कळायला ड्राइव्हकडून एक वेगळी खूण येते आणि हेड एक पाऊल हलल्याशिवाय ती पुसली जात नाही. डॉसच्या दिवसांतल्या ऑपरेटरांना आठवत असेल, फ्लॉपी बदलली तरी पडद्यावर आधीच्याच फ्लॉपीची यादी यायची. बहुतेक वेळा केबल किंवा ड्राइव्हमुळे ही खूणच पोहोचत नसे आणि सिस्टिम मेमरीतली जुनी यादी दाखवत राहायची.

माझं काम सगळ्यात जास्त सोपं केलं ते त्या सात बाइटांच्या निकालाने. लिनक्सचा ड्रायव्हर तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये स्पष्ट लिहितो. एका फ्लॉपीला ओळ आली: ‘डेटा सीआरसी एरर: ट्रॅक २७, हेड १, सेक्टर ११, साइज २’. म्हणजे सेक्टरचा पत्ता नीट वाचला गेला, मजकूरही आला, पण शेवटची पडताळणीची बेरीज जुळली नाही. अशा ठिकाणी साफसफाई आणि पुन्हा पुन्हा वाचणं कामी येतं. त्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं तर तपकिरी चकतीवर तांदळाच्या कणीएवढे पांढुरके ठिपके होते. बुरशी. इंदूरचा पावसाळा कितीतरी वर्षं त्या डब्यांनी झेललेला. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, चकती हळूहळू फिरवत दोन्ही बाजू पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि मग तोच सेक्टर एका दमात वाचला गेला. अशी फ्लॉपी वाचल्यावर ड्राइव्हचं हेडही पुसायलाच हवं, नाहीतर पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पडतो. यूएसबीच्या पातळ ड्राइव्हमध्ये हेडपर्यंत पोहोचायला सगळी खोलावी लागते. जुनीचं वरचं झाकण काढलं की हेड समोर.

दुसऱ्या गठ्ठ्याला ‘सेक्टर नॉट फाउंड’ येत होतं. चकत्या स्वच्छ, तरी पत्ताच सापडत नाही. मी आबांना लॉग दाखवला. त्यांनी चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघितल्या आणि म्हणाले, “सूनबाई, या सगळ्या आपल्या पहिल्या मशीनवर लिहिलेल्या आहेत. ती मशीन माळ्यावर आहे. तिचीच ड्राइव्ह काढून लाव.” साडेतीन इंची फ्लॉपीवर ट्रॅक इंचाला १३५ असतात, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये ०.१९ मिलिमीटरही अंतर नाही. एखाद्या ड्राइव्हचं हेड जरासं सरकलेलं असेल तर ती स्वतः लिहिलेलं छान वाचते, पण तिचं लिहिलेलं दुसरीला वाचता येत नाही. माळ्यावरची ड्राइव्ह झटकून, हेड पुसून, त्याच केबलला लावली आणि तो गठ्ठा जवळजवळ पूर्ण वाचला गेला. मंडळाच्या दोन स्मरणिका त्यात होत्या. यूएसबीने फक्त ‘मीडियम एरर’ दिला असता तर या फ्लॉप्या गेल्या असंच आम्ही धरून चाललो असतो.

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये चुकांची मोजणी कशी व्हावी हेही ठरवता येतं. एरवी तो पूर्ण ट्रॅक एकदम वाचतो. किती चुकांनंतर ते सोडून एकेक सेक्टर वाचायचा, किती चुकांनंतर हेड शून्यावर नेऊन परत आणायचं, किती चुकांनंतर कंट्रोलर रीसेट करायचा आणि किती चुकांनंतर हार मानायची, हे आकडे एफडीयूटिल्स या संचातल्या फ्लॉपीकंट्रोल नावाच्या प्रोग्रॅमने बदलता येतात. मी पहिल्या फेरीत चिकाटी कमी ठेवते, म्हणजे चांगला भाग लवकर सुरक्षित होतो. खराब जागांसाठी दुसरी फेरी चिकाटी वाढवून. २१ सेक्टरच्या फ्लॉप्यांसाठी ड्रायव्हरला आकार आधीच सांगितला, आणि त्या बिनतक्रार उघडल्या.

विंडोजबद्दल थोडंच लिहिते, कारण बचावाचं काम मी तिथे केलं नाही. तिथेही दोन्ही वाटा वेगळ्याच आहेत: मदरबोर्डवरच्या ड्राइव्हसाठी एफडीसी आणि एफएलपीवायडिस्क हे दोन ड्रायव्हर, यूएसबीसाठी एसफ्लॉपी.

एक काळजीची गोष्ट. लिनक्सच्या या फ्लॉपी ड्रायव्हरला २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘अनाथ’, म्हणजे देखभाल करणारं कोणी नाही, असा शेरा दिला. चालू स्थितीतलं खरं हार्डवेअर मिळेनासं झालंय आणि जे विकलं जातं ते बहुतेक यूएसबीचं, ज्याला हा ड्रायव्हर लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी डेनिस एफ्रेमोव्ह यांनी देखभाल अंगावर घेतली. पण ज्या वस्तूसाठी एवढा एकच ड्रायव्हर आपल्या कामाचा आहे, ती वापरण्याचं काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. फ्लॉप्याही थांबणार नाहीत. सोनीने जपानमध्ये त्या विकणं २०११ मध्येच बंद केलं.

इमेज काढल्यावरचं काम वेगळंच आहे. पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या मोठ्या फाइली एआरजेने (फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने) तुकडे करून तीन-चार फ्लॉप्यांवर टाकलेल्या असतात, त्यातली एक गेली की पुढचं उघडत नाही. म्हणून एका संचातल्या सगळ्या इमेज एका फोल्डरमध्ये ठेवा, चिठ्ठीचा फोटोही त्यातच. श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. ते काम अजून चालू आहे, संध्याकाळी आबा वाचून दाखवतात आणि मी दुरुस्त करते.

घ्यायचंच असेल तर यूएसबीची ऑनलाइन सहज मिळते. जुन्या ड्राइव्हसाठी नवा मदरबोर्ड चालत नाही, ३४ पिनांचं कनेक्टर असलेलाच हवा. इंदूरकरांनी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जुन्या कॉम्प्युटरची दुरुस्ती करणाऱ्याकडे विचारावं. नंतरच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर एकच फ्लॉपी ड्राइव्ह चालते, तेव्हा सव्वापाच इंचीही वाचायच्या असतील तर हे आधी बघून घ्या. केबल उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो. तसं दिसलं तर बंद करून केबल फिरवा. आणि दुकानात जाताना एक चांगली, आधीच इमेज काढून ठेवलेली फ्लॉपी बरोबर न्या. तिथेच पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत वाचून बघा, मगच पैसे द्या.