ड्रम व्हॉइस म्हणून 'प्लेट्स': एका मॉड्यूलमध्ये किक, स्नेअर, हॅट आणि थोडाफार डग्गा

म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचं प्लेट्स हे मॉड्यूलर सिंथचं मॉड्यूल (केबलने इतरांना जोडायचा सुटा भाग) २०१८ साली आलं. तेव्हापासून बहुतेक जण ते ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारा भाग म्हणूनच घेतात. उजव्या बटणाच्या लाल रांगेत शेवटची तीन मॉडेलं आहेत, बास ड्रम, स्नेअर आणि हाय-हॅट. त्यांच्याकडे कुणी फारसं वळत नाही. आमच्या मते छोट्या केससाठी (मॉड्यूल बसवायची पेटी) या किमतीत याहून कामाचा ड्रम व्हॉइस नाही. अट एकच, ट्रिग (ठोका सुरू करणारा) आणि लेव्हल (ठोक्याचा जोर ठरवणारा) ही दोन्ही जॅक वापरायची. नुसत्या ट्रिगवर तो पोकळ वाजतो आणि लोक मॉड्यूललाच नावं ठेवतात.

जागा १२ एचपी (पॅनलच्या रुंदीचं माप), खोली २५ मिमी. वीज +१२ व्होल्टवर ५० मिलिअँपिअर आणि −१२ वर अवघे ५, म्हणजे स्वस्तातल्या पॉवर सप्लायलाही जड नाही. रिबन केबलची लाल कड −१२ च्या बाजूला ठेवायची. लावण्याआधी दोन्ही टोकं डोळ्यांनी तपासा. एम३ स्क्रू पार्सलमध्ये कमी पडले तर नागपूरच्या लोहाओळीत सुटे मिळतील. ३.५ मिमी केबल बर्डीत घेणार असाल तर प्लगवर एकच काळी रिंग असलेली, म्हणजे मोनो मागा. दुकानदार सवयीने मोबाइलची स्टिरिओ ऑक्स केबल हातात देतो. ती चालते, पण काही जॅकमध्ये सैल बसते.

आता आवाज. आउट आणि ऑक्स ही दोन आउटपुट म्हणजे दोन वेगळे ड्रम आहेत, हे लक्षात आलं की मॉड्यूलची किंमत निम्मी वाटायला लागते. बास ड्रमच्या आउटवर रोलँडच्या ८०८ या जुन्या ड्रम मशीनच्या धर्तीचा ब्रिज्ड-टी सर्किटचा नमुना आहे: गोल, लांब, खालून उठणारा. ऑक्सवर रोलँडच्याच ९०९ वरून सुचलेला, पिच झपकन खाली येणारा कडक ठोका. स्नेअरचंही तसंच. हॅटच्या आउटला चौकोनी लहरींचा खरखरीत धातू, तर ऑक्सला रिंग मॉड्युलेशनमधून आलेला जास्त स्वच्छ आवाज. दोन्ही मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर घ्या. किकचं पोट आउटवरून आणि टोक ऑक्सवरून घेतलं की ईक्यूला हात लावावा लागत नाही.

आता नॉब. बास ड्रममध्ये हार्मोनिक्स म्हणजे आघाताची धार आणि ओव्हरड्राइव्ह, टिंबर म्हणजे उजळपणा, मॉर्फ म्हणजे डिके, आवाज विरायला लागणारा वेळ. स्नेअरमध्ये हार्मोनिक्स सुराचं आणि नॉइजचं प्रमाण ठरवतं. हॅटमध्ये टिंबर हा खालचा आवाज कापणारा हाय-पास फिल्टर आहे. तो घड्याळातल्या तीनच्या काट्यापलीकडे नेला की छोट्या स्पीकरवर नुसतं 'चिस' उरतं.

सगळ्यात जास्त गोंधळ खालच्या तीन छोट्या अटेन्युव्हर्टरचा, म्हणजे बदल किती आणि सुलट की उलट हे ठरवणाऱ्या नॉबचा. ट्रिगमध्ये केबल गेली आणि टिंबर, एफएम, मॉर्फचे सीव्ही (नियंत्रणाचं व्होल्टेज) जॅक रिकामे असले की त्या नॉबमधून आतला एन्व्हलप (ठोक्याबरोबर उठून विरणारं व्होल्टेज) वाहायला लागतो. नॉब बरोबर बाराच्या काट्यावर नसेल तर प्रत्येक ठोक्याला उजळपणा किंवा डिके आपोआप हलतो आणि आपण ठोके पाठवणाऱ्या सिक्वेन्सरमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून नवीन पॅच करताना आधी तिन्ही मध्यावर आणा. या आतल्या एन्व्हलपची लांबी डावं बटण दाबून मॉर्फ फिरवल्यावर बदलते. मॉर्फ नुसता फिरवला की ड्रमचा डिके बदलतो. ही दोन वेगळी कामं आहेत. एफएमचा नॉब मुद्दाम थोडा उजवीकडे नेला तर मात्र याच वाटेने छान टॉम मिळतो.

लेव्हल जॅक ड्रमच्या मॉडेलमध्ये अ‍ॅक्सेंटचं काम करतो. रिकामा ठेवला तर सगळे ठोके एका जोरात, म्हणजे यंत्राचा कोरडेपणा. सिक्वेन्सरच्या दुसऱ्या चॅनलवरून समेला ५ व्होल्ट, बाकीच्यांना २ ते ३ द्या. ट्रिगर पोचल्यावर प्लेट्स सुमारे एक मिलिसेकंद थांबतं, त्यामुळे सीव्ही जरा मागे राहणारा सिक्वेन्सरही चालून जातो.

एकाच प्लेट्सवर पूर्ण ठेका होतो का? होतो, मर्यादेत. मॉडेल जॅकला सीव्ही दिलं की ते ट्रिगरच्या क्षणी वाचलं जातं, मधेच मॉडेल बदलत नाही. या जॅकला स्वतःचा नॉब नाही, म्हणून बाहेरून अटेन्युएटर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा नॉब, हवाच. किक, स्नेअर, हॅट शेजारी-शेजारी असल्याने व्होल्टेज थोडंच लागतं. केरव्याच्या आठ मात्रा घ्या: धा गे ना ती न क धी न. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला बास ड्रम, बाकीच्यांना नॉइज कमी केलेला स्नेअर. अडचण तिसऱ्या मात्रेला येते. एका वेळी एकच मॉडेल वाजतं, म्हणून 'ना' येताच 'गे' ची शेपटी तुटते. मिनिटाला १०० ठोके आणि ठोक्याला दोन मात्रा धरल्या तर एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची. मॉर्फ खाली आणून किक त्याआधी संपवा, नाहीतर तुटल्याचा टिकटिकाट ऐकू येतो.

'गे' ला डग्ग्याची मींड हवी असेल तर त्या एका मात्रेपुरता व्ही/ऑक्ट या पिचच्या जॅकला छोटा चढता एन्व्हलप द्या. पिच ठोक्यानंतरही सलग ऐकतं, त्यामुळे घुमारा खरंच वर सरकतो. मनगटाचा दाब काही येत नाही, पण काम भागतं. फ्रीक्वेन्सी नॉबचा पल्ला मुळात आठ सप्तकांचा आहे आणि तो अशा कामाला फार चपळ आहे. उजवं बटण दाबून हार्मोनिक्सने पल्ला आवळून घ्या. संदलच्या मिरवणुकीतला दणका मात्र यातून निघणार नाही. त्यासाठी मागे डिस्टॉर्शन लागेल.

नागपुरात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. कूलर आणि सिंथ एकाच बोर्डावर असले की मोटर सुरू होताना रेकॉर्डिंगमध्ये खट् असा आवाज येतो. कूलरची दमट हवा थेट केसवर घेतली तर जॅक खराब होतात आणि धूळही चिकटून बसते. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण वाढते. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर साइन वेव्हवाला इन्व्हर्टर लागतो. मॉड्यूलरचा सिग्नल लाइन लेव्हलपेक्षा बराच गरम, म्हणजे मोठा असतो, म्हणून इंटरफेसच्या माइक इनपुटला तो लावू नका. लाइन इनपुट घ्या आणि मधे अटेन्युएटर ठेवा.

खरेदीबद्दल. म्युटेबल २०२२ साली बंद झाली, त्यामुळे मूळ प्लेट्स आता जुनंच मिळतं. डिझाइन खुलं असल्याने इतरांनी बनवलेल्या आवृत्त्या आहेत, काही जेमतेम ८ एचपीच्या. त्या जागा वाचवतात, पण बटण दाबून नॉब फिरवायचे प्रकार मोठ्या बोटांना तिथे जमत नाहीत. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा खर्च आधी धरा. जुना घेताना विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा: ट्रिग रिकामं ठेवून बास ड्रम सलग गुणगुणतो का, लेव्हल बदलल्यावर ठोका हलका-जड होतो का, आणि दोन्ही आउटपुट एकेक करून वाजतात का. ऑक्स कुणी फारसं वापरत नाही, म्हणून तिथला बिघाड विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतो.